लिलावात काय विकले जाते? रघुजींची तलवार, जोगळटेंभीची नाणी आणि दहा रुपयांचा कायदा

१/ २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज या लिलावगृहात एक मराठा तलवार विक्रीस आली. सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचे पाते. सोन्याच्या नक्षीची मुल्हेरी मूठ. आणि पात्याच्या पाठीवर सोन्याने कोरलेली देवनागरी अक्षरे. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती विकत घेतली. हाताळणी, विमा आणि वाहतूक धरून एकूण खर्च आला ४७ लाख १५ हजार रुपये. १८ ऑगस्ट २०२५ रोजी तलवार मुंबईत पोहोचली. ही बातमी बहुतेकांनी वाचली असेल. या धाग्यात तिच्या पुढचा प्रश्न घेतला आहे : जुनी वस्तू लिलावात विकली जाते तेव्हा तिच्यासोबत काय येते, आणि काय कायमचे हरवते?

२/ आधी तलवारीकडे पाहू. त्या देवनागरी ओळीत तीन गोष्टी आहेत : रघुजी भोसले हे नाव, ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द. फिरंग म्हणजे परदेशी पात्याची तलवार. युरोपात घडलेली पाती पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून दख्खनमध्ये येत आणि येथील कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवीत. म्हणजे ही वस्तू जन्मापासूनच दोन खंडांची आहे. ‘आपली तलवार परत आली’ असे म्हणताना तिचे पोलाद इथले नव्हते, हे लक्षात ठेवायला हरकत नाही. त्याने तिचे मराठापण तसूभरही कमी होत नाही; उलट अठराव्या शतकातील व्यापार किती दूरवर पसरला होता हे कळते.

३/ हे रघुजी म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघुजी. ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब त्यांना छत्रपती शाहू महाराजांकडून मिळाला होता. त्यांच्या फौजांनी १७४० च्या दशकात बंगाल आणि ओडिशावर वारंवार स्वाऱ्या केल्या. कलकत्त्याच्या इंग्रजांनी या फौजांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो ‘मराठा डिच’ म्हणूनच ओळखला गेला. १७५१ च्या तहात नवाब अलीवर्दीखानाने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई मान्य केली आणि ओडिशाचा मुलूख भोसल्यांच्या ताब्यात आला. १७५५ मध्ये रघुजींचा मृत्यू झाला. बंगालमध्ये मात्र या स्वाऱ्यांची आठवण ‘बर्गी’ या शब्दाने भीतीच्या रूपात टिकली आणि थेट पाळणागीतांत शिरली. एकच तलवार नागपुरात पराक्रमाची खूण ठरते आणि मुर्शिदाबादकडे दहशतीची. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही नोंदी ठेवाव्यात.

४/ आता मुख्य प्रश्न. ही तलवार नागपुरातून लंडनला गेली कशी? पात्यावर मालक आहे, किताब आहे, प्रकार आहे, प्रवास नाही. साधारणपणे दोन तर्क मांडले जातात. पहिला, नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाल्यानंतरच्या लुटीतून. दुसरा, लढाईनंतरच्या काळात इंग्रजांना मिळालेल्या नजराण्यांतून किंवा कंपनीच्या हाती गेलेल्या खजिन्यातून. दोन्ही शक्य आहेत. पण शक्य असणे आणि सिद्ध असणे यांत जे अंतर आहे, तेवढेच अंतर पुराणवस्तू आणि ऐतिहासिक साधन यांत असते.

५/ नागपूरच्या बाबतीत आणखी एक प्रकरण आहे आणि ते ‘लिलाव’ या शब्दाशी थेट जोडलेले आहे. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारसाशिवाय वारले. डलहौसीने राज्य खालसा केले. त्यानंतर राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल विक्रीला काढण्यात आले आणि जडजवाहीर कलकत्त्याला धाडून लिलावात विकण्यात आले. दुसऱ्या रघुजींच्या विधवा, वृद्ध बाकाबाई यांनी वाड्यातील सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन असे बजावल्याची हकीकत इंग्रज इतिहासकार जॉन के यानेच नोंदवून ठेवली आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे राजचिन्ह वजनकाट्यावर आणि बोलीवर चढताना पाहणाऱ्या त्या बाईंना लिलाव म्हणजे काय, हे आपल्यापेक्षा जास्त नेमके कळले होते.

६/ लिलावगृह म्हटले की आपल्याला गालिचा, लाकडी हातोडा आणि सुटाबुटातील माणसे दिसतात. परंतु भारतातील पुष्कळ मौल्यवान वस्तूंचा पहिला लिलाव झाला तो लष्करी छावणीत. जिंकलेल्या ठिकाणची लूट गोळा करायची, तिची यादी करायची, ती बोली लावून विकायची आणि आलेली रक्कम हुद्द्याप्रमाणे सैन्यात वाटायची, अशी ब्रिटिश फौजेची रीतसर पद्धत होती. हे काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना ‘प्राइझ एजंट’ म्हणत. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला हेच झाले. १८१७-१८ च्या मराठा युद्धातील लुटीची वाटणी कोणत्या फौजेला किती, यावरून ‘डेक्कन प्राइझ’ नावाचा वाद लंडनमध्ये अनेक वर्षे चालला आणि त्या निधीच्या विश्वस्तांपैकी एक होता खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

७/ यातून एक विचित्र गोष्ट निघते. लूट जितकी शिस्तीने झाली तितकी तिची कागदपत्रे चांगली टिकली. नाशिकचा हिरा पाहा. परंपरेने तो त्र्यंबकेश्वराचा मानला जातो. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून तो इंग्रजांच्या हाती आला, कंपनीमार्फत लंडनला गेला आणि रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी सुमारे ३,००० पौंडांना घेतला. १८३७ मध्ये लंडनच्या विलिसेस रूम्समधील लिलावात त्याला ७,२०० पौंड आले. पुढे मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरने तो आपल्या समारंभाच्या तलवारीच्या मुठीत बसवला. विसाव्या शतकात अमेरिकेत त्याला नव्याने पैलू पाडून तो ४३.३८ कॅरटचा करण्यात आला आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर मिळाले.

८/ हिऱ्याचा आकार बदलला, वजन घटले, कोंदण बदलले, देव तर केव्हाच सुटला. टिकली ती फक्त पावत्यांची मालिका. याच्या उलट रघुजींची तलवार : वस्तू जशीच्या तशी, नावानिशी, पावत्यांचा पत्ता नाही.

९/ बाजार या पावत्यांना काय मोल देतो ते २३ मे २०२३ रोजी दिसले. लंडनच्या बोनहॅम्सने टिपू सुलतानच्या शयनगृहातील तलवार विकली. अंदाज होता १५ ते २० लाख पौंडांचा. मिळाले १ कोटी ४० लाख पौंडांहून अधिक. त्या तलवारीमागे अखंड कथा होती : श्रीरंगपट्टण पडल्यावर ती सापडली आणि सैन्याने मेजर जनरल डेव्हिड बेअर्डला भेट दिली. म्हणजे लुटीचा पुरावा हा या बाजारात कलंक ठरला नाही, दागिना ठरला. चोरीचा माल म्हणून एखाद्या दुकानातील घड्याळाची किंमत पडेल. दोनशे वर्षांपूर्वीच्या लुटीचा दाखला जोडला तर तीच किंमत चढते. या विरोधाभासावर मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

१०/ वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली या मालिकेला जाणकार ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात. आपण मालकीची साखळी म्हणू. लिलावाची सूची वाचायला शिकायची असेल तर चित्राआधी ही साखळी वाचावी. ‘एका युरोपीय खाजगी संग्रहातून’ एवढेच लिहिले असेल तर साखळीची एकच कडी हाती आहे असे समजावे. मग अंदाजित किंमत पाहावी. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचे नाही ती, सहसा गुप्त असते. हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराला लिलावगृहाचे अधिमूल्य भरावे लागते. त्यामुळे बातम्यांत एकाच वस्तूचे दोन-दोन आकडे दिसतात आणि समाजमाध्यमांवर विनाकारण भांडणे होतात.

११/ इथपर्यंत आपण अशा वस्तूंबद्दल बोललो ज्या कायम जमिनीवर, कोणाच्या तरी हातात होत्या. पण आपल्या भागातून लिलावात जाणाऱ्या वस्तूंतील मोठा वाटा जमिनीवरचा नसतो, जमिनीतला असतो. मुख्यतः नाणी. आणि नाण्यांच्या बाबतीत मालकीच्या साखळीइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ती कुठे आणि कोणाच्या सोबत सापडली.

१२/ छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना हे सहज पटेल, कारण या परिसराने टांकसाळीची नावे भरपूर दिली आहेत. मुहम्मद तुघलकाने दौलताबादला राजधानी हलवली आणि १३३० च्या सुमारास चांदीऐवजी तांब्या-पितळेची सांकेतिक नाणी चालवण्याचा प्रसिद्ध प्रयोग केला. त्यातील काही नाण्यांवर दौलताबादचे नाव आहे. मलिक अंबरच्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, आणि मुघल रुपयांवर हे शहर ‘खुजिस्ता बुनियाद’ म्हणजे शुभ पायाचे नगर या नावानेही उमटले. असा रुपया आज नाण्यांच्या लिलावात नेहमी दिसतो. त्यावर बादशहा आहे, साल आहे, टांकसाळ आहे. नाणे स्वतःविषयी इतके बोलते की त्याच्याविषयी आणखी काही विचारावे हेच सुचत नाही. गफलत तिथेच होते.

१३/ एक उदाहरण घेऊ. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,२५० हून अधिक नाणी, सारी क्षत्रप राजा नहपान याची. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. लेख ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपींत. यातील ९,२७० च्या आसपास नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती : तीन कमानींचा पर्वत आणि उज्जयिनी चिन्ह. जुने नाणे वितळवायचे नाही, शत्रूच्या चेहऱ्यावरच आपला शिक्का मारायचा आणि ते पुन्हा चलनात सोडायचे.

१४/ नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या पुत्राने क्षहरात वंशाचा नाश केल्याचे म्हटले आहे. लेख म्हटला की थोडी स्तुती आलीच. आईने मुलाविषयी लिहवून घेतलेला लेख असेल तर विचारायलाच नको. जोगळटेंभीच्या नाण्यांनी त्या स्तुतीला साक्ष दिली. पण कशी, ते बारकाईने पाहा.

१५/ फेरठोक झालेले एक नाणे एवढेच सांगते की नहपानाचे नाणे कधीतरी गौतमीपुत्राच्या हाती आले. ते नहपानानंतर तीन पिढ्यांनीही येऊ शकले असते. साठा त्याहून जास्त सांगतो : तेरा हजार नाण्यांत नहपानाखेरीज त्या वंशातील दुसऱ्या एकाही राजाचे नाणे नाही. त्यामुळे नहपान आणि गौतमीपुत्र यांच्यामध्ये दुसरा कोणी राजा होऊन गेला नसावा, गौतमीपुत्राने बहुधा प्रत्यक्ष नहपानालाच हरवले असावे, असा युक्तिवाद अभ्यासकांना करता आला. म्हणजे सर्वांत महत्त्वाचा पुरावा होता तो त्या साठ्यात जे नव्हते त्याचा. आणि ‘नव्हते’ हे फक्त पूर्ण साठ्याकडूनच कळू शकते. एकेक नाणे वेगळे करा. तेरा हजार नाणी शाबूत राहतील आणि युक्तिवाद नाहीसा होईल.

१६/ आज नाण्यांच्या सूचींत अशी फेरठोक नाणी ‘जोगळटेंभी प्रकार’ म्हणून विकली जातात. शब्द नीट वाचा : ‘प्रकार’. ते नाणे जोगळटेंभीचेच आहे असे सूची म्हणत नाही. ते त्या साठ्यातले असेल, किंवा गेल्या वीस वर्षांत कुठल्या तरी शेतात मिळालेल्या, कोठेही नोंद न झालेल्या दुसऱ्या साठ्यातले असेल. दुसरी शक्यता खरी असेल तर सातवाहनांविषयीचा एक अख्खा पुरावा न वाचताच फाडला गेला आहे आणि त्याची पाने सुटी विकली जात आहेत.

१७/ जागेची नोंद किती दूरवर उपयोगी पडते याचे दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे अमेदेओ मैउरी यांच्या उत्खननात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता यक्षी म्हणणे अनेकांना अधिक योग्य वाटते. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली शहर गाडले गेले, त्यामुळे मूर्ती त्याआधीची हे निर्विवाद ठरले. पण ती भारतातील कुठली?

१८/ १९७३ च्या सुमारास मराठवाडा आणि नागपूर या दोन विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले. भोकरदन तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते, आता जालन्यात आहे. हेच प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या दानलेखांत या गावचे दाते भेटतात. तिथे हस्तिदंताच्या मूर्तीचा भग्न भाग मिळाला आणि त्याचे पॉम्पेईच्या मूर्तीशी जवळचे साम्य दिसले. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातही अशीच हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. ही तिन्ही टोके जुळली तेव्हा पॉम्पेईची मूर्ती दख्खनमधून, कदाचित भोगवर्धनच्याच कारागिरांकडून गेली असावी, हे मत पुढे आले.

१९/ कल्पना करा की भोकरदनचा तो तुकडा उत्खननात न मिळता कोणाच्या नांगराला लागला असता आणि दोन दलालांच्या हातून एखाद्या सूचीत पोहोचला असता. तिथे लिहिले गेले असते : हस्तिदंती मूर्तीचा भाग, भारत, इ.स. पहिले शतक. मूर्ती तीच, सौंदर्य तेच. पॉम्पेई ते मराठवाडा हा रस्ता मात्र पुसला गेला असता. लामतुरे यांचे मोठेपण मला इथे दिसते. ते संग्राहकच होते, पण गावाच्या वस्तू गावाच्या नावाखाली एकत्र ठेवणारे. तो संग्रह शासनाकडे आला आणि तेरमध्येच राहिला. संग्राहक म्हणजे इतिहासाचा शत्रू, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी एकदा तेरला जाऊन यावे.

२०/ मग शेतात सापडलेला साठा अधिकाऱ्यांपर्यंत का पोहोचत नाही? लोभ हे सोपे उत्तर झाले. कायदा वाचला की दुसरे उत्तर सापडते. जमिनीतील गुप्तधनाला आजही १८७८ चा ‘इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट’ लागू आहे. मूळ कायद्यात मर्यादा आहे दहा रुपयांची. त्याहून जास्त मोलाचे काही जमिनीत लपवलेले सापडले तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे : काय सापडले, कुठे, केव्हा, अंदाजे मोल किती. माल सरकारी तिजोरीत जमा करावा किंवा तारण द्यावे. मग जाहीर सूचना निघते, दावेदारांना बोलावले जाते. कोणाचाच हक्क सिद्ध झाला नाही आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला. कळवले नाही तर वाटा जप्त, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

२१/ इथपर्यंत हा कायदा, वसाहतकाळातला असूनही, चक्क न्याय्य वाटतो. खरी गोम पुढे आहे. साठा शासनाला स्वतःकडे ठेवायचा असेल तर किती पैसे द्यायचे? कायदा सांगतो : त्यातील धातूचे मोल, अधिक त्याच्या एक पंचमांश. नहपानाचे नाणे दोन-सव्वादोन ग्रॅम चांदीचे. दोन हजार वर्षांपूर्वीचे, दोन राजांच्या वैराची खूण अंगावर वागवणारे नाणे, आणि त्याचा दर सराफाच्या काट्यावरचा, वर वीस टक्के. तांब्याचे किंवा शिशाचे सातवाहन नाणे असेल तर तो हिशेब मांडण्याचीही लाज वाटावी. लिलाव दुर्मिळतेला पैसे देतो, कायदा वजनाला. साठा एकत्र राहिल्याने निर्माण होणाऱ्या ज्ञानाला दोघांपैकी कोणीच पैसे देत नाही.

२२/ हे बदलता येते. ब्रिटनने १९९६ मध्ये नवा ट्रेझर ॲक्ट केला. तिथे संग्रहालयाला साठा हवा असेल तर तज्ज्ञ समिती बाजारभाव ठरवते आणि ती रक्कम साधारणतः सापडणारा व जमीनमालक यांच्यात वाटली जाते. जोडीला किरकोळ सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद घेणारी योजना १९९७ पासून उभी राहिली. आपली लूट बाजारात विकणाऱ्या देशाकडून हे शिकावे लागते, ही बोचणी मान्य. तरी शिकावे.

२३/ १८७८ च्या कायद्याचा एक धागा थेट २०२५ पर्यंत येतो. १८९८ मध्ये उत्तर प्रदेशातील पिपरहवा येथे विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने स्तूप खणला. बुद्धाच्या अस्थी मानल्या जाणाऱ्या अवशेषांसह शेकडो रत्ने निघाली. याच कायद्याने सरकारने त्यांवर हक्क सांगितला, बहुतेक ऐवज कलकत्त्याच्या संग्रहालयात गेला. पण ‘दुबार’ ठरवलेला हिस्सा पेपेकडेच राहू दिला. अस्थींसोबत वाहिलेल्या रत्नांत दुबार काय असते, हे त्या अधिकाऱ्यांनाच ठाऊक. तो हिस्सा मे २०२५ मध्ये सदबीजने हाँगकाँगला लिलावात काढला. भारत सरकारने कायदेशीर नोटीस धाडली, लिलाव थांबला आणि जुलैअखेर ती रत्ने भारतात आली. त्यासाठी गोदरेज समूहाने पैसे मोजले. नोटीस धाडता आली कारण ऐवज कुठल्या स्तूपातून, कोणत्या साली, कोणाच्या हातून निघाला हे कागदावर होते. रघुजींच्या तलवारीबाबत तसा कागद नव्हता. तिथे बोली लावणे एवढाच मार्ग उरला.

२४/ मग शासनाने तलवार विकत घेतली हे योग्य झाले का? माझे मत : होय, पण आनंदाच्या भरात काय मान्य केले गेले ते विसरू नये. लिलावात बोली लावणारा विक्रेत्याची मालकी मान्य करतो. आपण वस्तू परत मागितली नाही. ती विकत घेतली. दर वेळी असे होऊ लागले तर मराठा वस्तूंना एक श्रीमंत आणि भावनेने बांधलेले गिऱ्हाईक मिळाले आहे, हे बाजाराला कळायला वेळ लागणार नाही. तरीही ती खाजगी कपाटात गेली असती तर पात्यावरची ती ओळ किती पिढ्या दिसली नसती कोण जाणे. आता ती अभ्यासता येईल. पोलादाची परीक्षा, सोन्याच्या कामाची पद्धत, अक्षरांचे वळण यांवरून कदाचित तिच्या प्रवासाचा एखादा दुवाही हाती येईल.

२५/ देशातील लिलावांविषयी थोडे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा नाणे, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित वा दस्तऐवज १९७२ च्या कायद्यानुसार पुराणवस्तू ठरतो. तो कायदा १९७६ पासून लागू आहे. परवानाधारक विक्रेत्याकडून देशातल्या देशात खरेदी करणे गुन्हा नाही. खाजगी व्यक्तीने परदेशी पाठवणे गुन्हा आहे. नाणी जमवणाऱ्या मित्रमैत्रिणींना म्हणूनच सांगणे आहे की विक्रेत्याला धातू, वजन, दुर्मिळता विचारताच, तसेच ‘हे कुठे मिळाले?’ हेही विचारा आणि मिळालेले उत्तर, ते अपुरे असले तरी, पाकिटावर तारखेसह लिहून ठेवा. ‘पैठण परिसर, विक्रेत्याच्या सांगण्यानुसार’ एवढ्या छोट्या नोंदीनेही पुढच्या अभ्यासकाचे काम सुरू होऊ शकते.

२६/ आणि शेतात, घराच्या पायात किंवा विहिरीच्या खोदाईत भांडे लागले तर : नाणी चिंचेने किंवा लिंबाने घासू नका, एकमेकांपासून सोडवू नका, ‘एक-दोन आठवण म्हणून’ बाजूला काढू नका. जागेचे आणि खोलीचे छायाचित्र घ्या. तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. राज्य पुरातत्त्व विभागालाही कळवा. भांडे फुटलेले असले तरी त्याच्या खापऱ्या जपून ठेवा. नाणी केव्हा पाडली हे नाण्यांवरून कळते. ती केव्हा पुरली हे पुष्कळदा त्या खापऱ्यांवरूनच कळते.